'टर्मिनलवाला' यांना उत्तर: चार कमांडनी काय होतं आणि काय होत नाही

टर्मिनलवाला,

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकल्यावर ग्राफिक्स ड्रायव्हर आणि स्क्रीनचं रिझोल्यूशन कसं बसवायचं, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागेल म्हणून ती आधी पूर्ण देते:

"ताई, लेख फारच पाल्हाळिक. हे चार कमांडचं काम आहे. सीव्हीटी, मग एक्सरँडरचं न्यूमोड, ॲडमोड आणि शेवटी आउटपुट-मोड. ज्याला एवढं जमत नाही त्याने लिनक्सच्या वाटेला जाऊ नये, विंडोजवर सुखी राहावं. शिवाय वेलँडचा उल्लेख नाही, सिक्युअर बूट उरकून टाकलंय, आणि एनव्हिडियाच्या साइटवर नवा ड्रायव्हर असताना उबंटूचा जुना घ्यायला सांगणं चूक आहे."

नवख्यांसाठी एवढंच: सीव्हीटी ही कमांड हव्या त्या रिझोल्यूशनचे आकडे काढून देते, आणि एक्सरँडर ते रिझोल्यूशन (मोड) नोंदवतो आणि स्क्रीनला लावतो. एक्सऑर्ग आणि वेलँड या लिनक्समध्ये स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या जुन्या आणि नव्या व्यवस्था. वेलँडचं आधी संपवते, कारण तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. वेलँडच्या सेशनमध्ये स्क्रीन एक्सरँडरच्या ताब्यात नसतेच. तो यादी दाखवतो, पण मोड बदलायला गेलं की काही होत नाही. तिथे डेस्कटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमधूनच जावं लागतं. माझा लेख मिंट या लिनक्सच्या सिनॅमन डेस्कटॉपवर बेतलेला आहे आणि तिथे नेहमीचं सेशन एक्सऑर्गचं असतं, म्हणून हा भाग आला नव्हता. लेखात एक ओळ वाढवते. मात्र तुमच्या चारपैकी तीन कमांड एक्सरँडरच्याच आहेत. म्हणजे वेलँडवर त्याही चालणार नाहीत. माझ्या लेखाला लावलेला नियम स्वतःच्या वाक्याला लावून बघायला हवा होतात.

आता जे झोंबलं त्याबद्दल. 'पाल्हाळिक' म्हणालात, त्याचं मला काही नाही. लांब लेख आवडत नसतील तर आवडत नसतील. पण 'ताई' म्हणून सुरुवात करायची आणि दोन वाक्यांनंतर त्याच ताईच्या वाचकांना दार दाखवायचं, ही कुठली रीत? 'ज्याला एवढं जमत नाही त्याने लिनक्सच्या वाटेला जाऊ नये.' हे वाक्य तुम्ही मला उद्देशून लिहिलेलं नाही, हे मला कळतं. म्हणूनच ते जास्त लागलं. मला म्हणाला असतात तर सोडून दिलं असतं.

माझा लेख कोण वाचतं, ते सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे पुण्यात घरोघरी असे लॅपटॉप पडून आहेत ज्यांचा कीबोर्ड शाबूत आहे, रॅम वाढवता येते, एसएसडी टाकली की पळतात, आणि तरी कंपनीच्या हिशोबी ते बाद झालेत. त्या लॅपटॉपची माणसं माझ्याकडे येतात. सदाशिव पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, संस्कृत शिकवायच्या. त्या स्कॅन केलेल्या जुन्या पोथ्या लॅपटॉपवर वाचतात. कुणीतरी त्यांना मिंट टाकून दिलं आणि निघून गेलं. स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची, आणि चित्र १०२४ बाय ७६८ चं, आडवं ताणलेलं. इंग्रजी अक्षर त्यातही वाचता येतं. देवनागरीत अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो, रफार आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात, जोडाक्षराचा नुसता डाग होतो. त्यांनी मला फोनवर विचारलं, "अगं, माझे डोळे बिघडलेत का?" डोळे तपासायला वेळही घेऊन ठेवली होती त्यांनी.

या बाईंना तुम्ही सांगणार, वाटेला जाऊ नका?

बरं, त्यांच्या लॅपटॉपवर तुमच्या चार कमांडनी काय झालं असतं तेही बघू, कारण तुमच्या प्रतिक्रियेचा सगळा भार त्याच चारांवर आहे.

पहिली, सीव्हीटी. तिला १३६६ आणि ७६८ हे आकडे द्या. ती जी मोडलाइन, म्हणजे मोडच्या आकड्यांची ओळ, काढून देते तिचं नाव १३६८ बाय ७६८ असतं. सीव्हीटीच्या गणितात रुंदीला आठने भाग जावा लागतो. १३६६ ला जात नाही, म्हणून ती आकडा वर ढकलते. पुढची कमांड कुठून तरी चिकटवलेली असेल आणि तिच्यात १३६६ लिहिलेलं असेल, तर ॲडमोड सांगतो की असा मोड सापडत नाही. नवखा माणूस तिथेच अडकतो आणि त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. १३६६ बाय ७६८ ही एका काळातल्या स्वस्त लॅपटॉपची सगळ्यात सर्रास स्क्रीन. आणि तुमची पहिलीच कमांड नेमकी तिथे फसवते.

तिसऱ्या-चौथ्या कमांडला आउटपुटचं नाव लागतं. एका लॅपटॉपवर ते ईडीपी-१ असतं, जुन्यावर एलव्हीडीएस-१. इंटेलचा जुना एक्सऑर्ग ड्रायव्हर चालू असेल तर मधली रेघसुद्धा नसते. दुसऱ्याच्या लॅपटॉपची कमांड चिकटवणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं.

पण खरी गोष्ट याच्याही मागची आहे, आणि तीच सांगायला मी लेखातली तीन पानं घेतली. लॅपटॉपची स्क्रीन आपलं रिझोल्यूशन स्वतःच सांगते. तिच्यात ईडीआयडी नावाची छोटी नोंद असते, मूळ भाग १२८ बाइटचा. ग्राफिक्सचा योग्य ड्रायव्हर चालू असला की तो ती नोंद वाचतो आणि योग्य मोड आपोआप लागतो. सीव्हीटी नको, न्यूमोड नको, काही नको. ज्या अर्थी तो लागलेला नाही, त्या अर्थी बहुतेक वेळा ड्रायव्हरच चालू नाही. आणि ड्रायव्हरच चालू नसेल तर एक्सरँडर आउटपुटचं नाव नुसतं 'डिफॉल्ट' असं दाखवतो, गॅमाचा आकार मिळत नाही म्हणून कुरकुर करतो, आणि तुमचा नवा मोड लावायला गेलं की एरर येतो. म्हणजे जिथे या चार कमांडची गरज भासते तिथे त्या बहुधा चालत नाहीत, आणि जिथे चालतात तिथे त्यांची गरज बहुधा नसते. अपवाद आहेत. ज्या व्हीजीए केबलच्या सगळ्या पिना जोडलेल्या नाहीत ती केबल, जुना प्रोजेक्टर, मधे केव्हीएम स्विच (एकच स्क्रीन आणि कीबोर्ड दोन मशीनना वापरू देणारा). तिथे ईडीआयडी पोचतच नाही, आणि तिथे मीसुद्धा याच कमांड वापरते. लेखात त्या शेवटी आहेत. शेवटी आहेत, याला कारण आहे.

शिक्षिकाबाईंच्या लॅपटॉपचं दुखणं वेगळंच निघालं. ज्याने मिंट टाकलं त्याने इन्स्टॉल करताना काळी स्क्रीन येते म्हणून ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, ओळीत 'नोमोडसेट' लिहिलं होतं, आणि नंतर ते तसंच राहिलं. नोमोडसेट असलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्क्रीनचा मोड बसवायच्या फंदात पडत नाही. इंटेलचा आय९१५ असो, एएमडीचा एएमडीजीपीयू असो, एनव्हिडियासाठीचा नूवो असो, कुठलाच ड्रायव्हर कामाला लागत नाही. बायोसने जे रिझोल्यूशन दिलं ते घेऊन बसायचं, आणि सगळं चित्र प्रोसेसरने काढायचं. मग लॅपटॉप तापतो, पंखा ओरडतो, ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत, झाकण मिटून उघडलं की मशीन जागं होत नाही. सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्सपुढे इंटेलचं नाव यायच्या जागी 'एलएलव्हीएमपाइप' दिसतं, म्हणजे चित्र प्रोसेसर काढतोय. हा एक शब्द दिसला की निदान झालं. ग्रबच्या फाइलमधून नोमोडसेट काढायचं, अपडेट-ग्रब चालवायचं, रीस्टार्ट. एवढंच केलं, आणि पोथीतला अनुस्वार शिरोरेघेपासून सुटला.

हे कळायला आधी बघावं लागतं: एलएसपीसीआय या मशीनमधली कार्डं दाखवणाऱ्या कमांडला एनएनके हा पर्याय द्यायचा आणि 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे की नाही, असेल तर तिच्यापुढे काय आहे, ते वाचायचं. माझ्या लेखातलं जे तुम्हाला पाल्हाळ वाटलं ते हे बघणं आहे.

मी हे कुठल्या अधिकाराने सांगते? पुण्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मी नोकरी केली. माझ्या पगारातून घेतलेल्या पहिल्या लॅपटॉपमध्ये सिस कंपनीची मिराज ३ ग्राफिक्स होती. त्या काळात ज्यांनी ती चिप भोगली आहे ते हे वाचून मान हलवतील. लिनक्समधला सिसचा ड्रायव्हर तिला ओळखत नसे. वेसा या कामचलाऊ ड्रायव्हरवर भागवायचं. स्क्रीन १२८० बाय ८००, आणि मिळायचं १०२४ बाय ७६८. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने लिनक्स बघून वॉरंटीचा कागद परत सरकवला आणि म्हणाला, मॅडम, हे तुमचं काम नाही. टर्मिनलवाला, तुमचं वाक्य मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं होतं. शब्द वेगळे, अर्थ तोच.

मला हात दिला तो पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या बैठकीतल्या एका ज्येष्ठ माणसाने. त्याने कमांड दिली नाही. शेजारी बसून एक्सऑर्गची लॉग फाइल उघडली, डबल 'ई' ने सुरू होणाऱ्या ओळी मला मोठ्याने वाचायला लावल्या, आणि प्रत्येक ओळीला विचारलं, ही काय सांगते? तेव्हा एक्सऑर्ग-डॉट-कॉन्फ ही सेटिंगची फाइल हाताने लिहावी लागे. आज ती बहुतेकांच्या मशीनवर नसतेसुद्धा. त्या फाइलचं ज्ञान आज कुचकामी आहे. लॉग वाचायची सवय मात्र अजून रोज लागते. कॉलेजच्या लॅबमध्ये मी मुलांना तशीच शिकवत आले, आणि तसंच लिहिते. ते लांबतं, कारण शेजारी बसून सांगायचं म्हटलं की लांबतंच.

एनव्हिडियाबद्दल. 'नवा' म्हणजे 'तुमच्या कार्डासाठीचा' असं नाही. फर्मी पिढीच्या कार्डांना ३९० च्या मालिकेपुढचा ड्रायव्हर नाही, त्यानंतरच्या केपलर पिढीला ४७० च्या पुढचा नाही. २०२२ साली एनव्हिडियाने कर्नलचे मॉड्यूल (कर्नलमध्ये जोडले जाणारे ड्रायव्हरचे भाग) खुले केले, तेही ट्युरिंग या बऱ्याच नंतरच्या पिढीपासून पुढच्यांसाठी. साइटवरून सगळ्यात वरचा ड्रायव्हर उतरवून जुन्या लॅपटॉपवर चढवला तर काळी स्क्रीन मिळते. शिवाय साइटवरची ती रन फाइल एपीटीच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या आणि अपडेट करणाऱ्या व्यवस्थेच्या, हिशोबाबाहेर राहते. नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधून देणारं डीकेएमएस लावलं नसेल तर पुढच्या कर्नल अपडेटला मॉड्यूल जुळत नाही, आणि माणूस सकाळी मशीन चालू करतो तेव्हा डेस्कटॉप गायब. आणखी एक: दोन ग्राफिक्स असलेल्या बऱ्याच ऑप्टिमस लॅपटॉपमध्ये स्क्रीन जोडलेली असते इंटेलच्या चिपला. तिथे रिझोल्यूशनसाठी एनव्हिडियाचा ड्रायव्हर कितीही बदला, काही उपयोग नाही. मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर किंवा उबंटूचं 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' कार्ड ओळखून योग्य मालिका सुचवतं. ते मी सांगितलं, आणि पुन्हा सांगेन.

सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेले मॉड्यूल लोड होऊ न देणारी सोय, 'उरकलं' म्हणता. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागितला जातो, रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे 'एन्रोल एमओके' (मालकाची सहीची किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. काही सेकंदांत बटण दाबलं नाही तर ती निघून जाते आणि मॉड्यूल लोड होत नाही. हे सगळं लेखात आहे, निळ्या स्क्रीनच्या फोटोसकट. तुम्ही तिथपर्यंत पोचलाच नाहीत असं दिसतं. न वाचता मत द्यायला माझी हरकत नाही, पण मग 'उरकलं' म्हणू नये.

लिनक्समधला माझा सगळा काळ मी माणसांना या बाजूला आणण्यात घातला आहे. धनकवडीतली एक मुलगी माझ्याकडे आईचा लॅपटॉप घेऊन आली होती. तिच्या चुलतभावाने असंच कुठून तरी चिकटवत चिकटवत त्याची वाट लावली होती आणि वर तिला म्हणाला होता, तुला नाही झेपणार. ती आता स्वतः एलएसपीसीआय वाचते आणि मैत्रिणींच्या मशीन लावून देते. अशी माणसं तुमच्या एका वाक्याने परत फिरतात. तुम्हाला ते दिसत नाही, कारण परत फिरलेला माणूस प्रतिक्रिया लिहीत नाही.

वेलँडची ओळ आज रात्री लेखात जाईल. तुमचं नाव घालून जाईल, नको असेल तर कळवा. केपलर किंवा त्याहून जुन्या कार्डावर नव्या कर्नलचा अनुभव तुमच्याकडे असेल, तर चिपचं नाव, कर्नलची आवृत्ती आणि एलएसपीसीआयचा आउटपुट घालून लिहा. तो भाग लेखात कमी आहे आणि वाचक रोज विचारतात. आणि कुणी कुठल्या वाटेला जावं हे पुन्हा इथे लिहिलंत, तर ती प्रतिक्रिया मी काढून टाकेन.