रकान्यात न बसणारे वाचनालय

आमच्या वाचनालयाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते, आणि ते संपले की माझे सुरू होते. सरलेल्या बारा महिन्यांत वाचनालयाने कोणत्या सेवा दिल्या आणि कोणत्या सुधारणा केल्या, हे वार्षिक अहवालाच्या रकान्यांत बसवण्याचे काम मानद सचिवाचे असते, आणि मराठवाड्यातल्या आमच्या लहानशा गावात हे मानद सचिवपद माझ्याकडे आहे. निवृत्त शिक्षकाचे अक्षर बरे असते, दुपारी त्याला दुसरे काम नसते आणि सर्वसाधारण सभेतून तो चहाआधी उठून जात नाही, एवढ्या गुणांवर माझी निवड बिनविरोध झाली. विरोधाचा विचार एकट्या माझ्याच मनात आला होता, परंतु विषयपत्रिकेवर तो विषय नव्हता.

सरकारी अनुदानासाठी ग्रंथालयांचे जे अ, ब, क, ड असे वर्ग केलेले आहेत, त्यांत आमचे वाचनालय ‘क’ वर्गातले आहे. कायद्याची छाया मात्र आमच्यावर पहिल्यापासून दाट आहे. हैदराबाद राज्याने १९५५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. पुढच्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६७ साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला. त्यामुळे पुस्तक कसे ठेवावे हे आम्हांला दोन राज्यांनी सांगितले आहे, आणि नेलेले पुस्तक परत कसे आणावे हे एकानेही सांगितलेले नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ग्रंथालयांच्या परिरक्षण अनुदानात ६० टक्के वाढ मान्य केली. ती बातमी ज्या वर्तमानपत्रात आली, ते सर्वांनी आमच्याच बाकावर बसून फुकट वाचल्यामुळे पैसे येण्याच्या पुष्कळ आधी सूचना येऊन पोहोचल्या, आणि त्या अजून येत आहेत. कोणी म्हणाले फरशी घाला, कोणी म्हणाले कमान उभारा. एका माजी सरपंचांनी वाचनालयासमोर हायमास्ट दिवा असावा असे सुचवले, कारण त्यांचे घर समोरच आहे. आमच्या ग्रंथपाल ताईंनी आतला पंखा दुरुस्त करावा एवढेच सुचवले होते. ती सूचना फारच वाजवी असल्याने मागे पडली.

शेवटी यंदाचे वर्ष संगणकीकरणाचे करायचे ठरले. मोंढ्यातल्या एका आडत्याने आपला जुना संगणक देणगी म्हणून दिला; तो सुरू केला की पडद्यावर पहिल्यांदा तुरीची आवक दिसते आणि मग वाङ्मय येते. दाखल नोंदवहीतली पुस्तके त्यात उतरवण्यासाठी सुट्टीत गावी आलेल्या एका विद्यार्थ्याला बसवले. मुलगा हुशार होता, बोटे भराभर चालत होती आणि पहिले कपाट दोन कपांच्या चहात उरकले. संतवाङ्मयाच्या कपाटाशी मात्र गाडी अडली, कारण संगणकाला लेखकाचे आडनाव सक्तीने हवे होते आणि ते दिल्याशिवाय तो पुढच्या रकान्यात जाऊ देत नव्हता.

आपेगावचे ज्ञानेश्वर, पैठणचे एकनाथ, नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई ही सगळी आमच्याच भागातली माणसे. आडनावावाचून इतकी शतके त्यांचे काहीही अडले नव्हते. मुलाने थोडा विचार करून व्यवहारी मार्ग काढला. आता आमच्या संगणकात ‘महाराज, ज्ञानेश्वर’, ‘महाराज, एकनाथ’, ‘महाराज, तुकाराम’ आणि ‘महाराज, नामदेव’ अशी एका घरातली चार भावंडे आहेत. जनाबाईंची नोंद ‘बाई, जना’ अशी झाली असून अंबाजोगाईचे आद्यकवी मुकुंदराज हे ‘राज, मुकुंद’ या नावाने एखाद्या चित्रपटाच्या नायकासारखे उभे आहेत. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे दोन वेगळे लेखक ठरले. दासोपंतांची पासोडी आमच्या संग्रहात नाही हे त्यातल्या त्यात भाग्य, कारण लांबलचक कापडावर लिहिलेल्या त्या ग्रंथाची पृष्ठसंख्या या मुलाने नक्कीच ‘एक’ अशी भरली असती, आणि त्यात त्याला चूकही म्हणता आले नसते.

वर्गीकरणाचेही तेच. १८७६ पासून जगभर चालत आलेल्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे, आणि तो आम्ही पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवून इमानेइतबारे लिहिला आहे. वाचक मात्र ‘जाड’, ‘पातळ’, ‘देवाचं’ आणि ‘मागच्या वेळेसारखं’ अशा चारच वर्गांत मागणी करतात, आणि ताई कपाटाकडे न बघता नेमके पुस्तक काढून देतात. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम सांगितले, त्यांतला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा आहे. आमच्याकडे येणारे निम्मे वाचक वेळ घालवण्यासाठीच घरून निघालेले असतात, तेव्हा तो वाचवून त्यांच्या हाती परत दिला तर ते तो ठेवतील कुठे, याचा विचार व्हायला हवा. शिवाय वीज गेली की संगणक, प्रिंटर आणि मी असे तिघे एकदम निरुपयोगी होतो; ताई निमूटपणे खणातून जुनी देवघेव वही काढतात आणि काम पुढे चालू राहते. अहवालात मी ‘संगणकीकरण पूर्ण’ असे लिहिले आहे. वहीचा उल्लेख केलेला नाही, कारण वहीला रकाना नाही.

दुसरी सुधारणा अभ्यासिकेची. गावातली मुले पोलीस भरती, तलाठी भरती आणि लोकसेवा आयोग अशा तिन्ही आघाड्यांवर एकदम लढत असतात, आणि घरात लहान भावंडे, म्हशी व दूरदर्शन संच असल्याने त्यांना शांत जागा हवी असते. म्हणून वाचनकक्षाच्या मधोमध प्लायवूडची भिंत घातली, आत मुले बसवली, आणि वर्तमानपत्रे वाचणाऱ्या ज्येष्ठांना व्हरांड्यात आणले. मुले पहाटे येतात, रात्री जातात, आमचा दिवा, आमची खुर्ची आणि आमच्या माठातले पाणी वापरतात, परंतु पुस्तके स्वतःची आणतात. आमच्या कपाटांकडे त्यांनी आजवर केवळ पाठ टेकण्याच्या दृष्टीने पाहिले आहे. तरीही ‘दैनंदिन वाचकसंख्या’ या रकान्यात त्यांच्यामुळे जी टवटवी आली आहे ती मला मान्य केली पाहिजे.

ज्येष्ठांना व्हरांड्यात नेल्याने शांतता नांदेल असा आमच्या कार्यकारी मंडळाचा हिशेब होता. तो करताना प्लायवूडची जाडी विचारात घेतलेली नव्हती. आमच्याकडे वर्तमानपत्र एकसंध कोणीच वाचत नाही. पहिले पान एकाकडे, मोंढ्याचे भाव दुसऱ्याकडे, निधनवार्ता तिसऱ्याकडे असे ते सकाळी आठलाच पांगते, आणि प्रत्येक जण आपले पान उरलेल्यांना मोठ्याने ऐकवतो. शब्दकोडे सोडवणारे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. ते कोडे शाईने सोडवतात, त्यामुळे त्यांच्यानंतरच्या वाचकाला फक्त उत्तरे वाचण्याची सोय होते. एके सकाळी ते म्हणाले, “राजस्थानातील खाऱ्या पाण्याचे सरोवर, अक्षरे तीन.” व्हरांड्यात विचारमंथन सुरू होणार तोच प्लायवूडच्या पलीकडून आवाज आला, “सांभर!” पोस्टमास्तरांनी शांतपणे तीन घरे भरली आणि भिंतीला उद्देशून म्हणाले, “आता उभे सात.”

तेव्हापासून हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालू आहे. तलाठी भरतीच्या मुलांना पुस्तकातली आणेवारीची, म्हणजे पीक किती आले याच्या सरकारी अंदाजाची, व्याख्या पाठ होती, पण ती ठरते कशी हे उमजत नव्हते. त्यांतला एक जण बाहेर येऊन बसला, तेव्हा सोयाबीनचे भाव वाचणाऱ्या एका शेतकरी काकांनी त्याला नमुन्याचा तुकडा कसा आखतात, त्यातले पीक कापून कसे मोजतात, आणि आकडा ५० पैशांच्या आत आला की टंचाईच्या सवलती कशा लागू होतात हे सगळे वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकृती काढून समजावले. “मेन खेळ एका पैशाचा हाय बाबा,” असे सांगून त्यांनी आकृतीखाली जी पुस्ती जोडली ती कोणत्याही मार्गदर्शकात छापलेली नाही आणि येथेही छापता येणार नाही. अहवालात ‘संदर्भ सेवा’ असा एक भारदस्त रकाना आहे. त्यापुढे काय लिहावे हे मी ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, “सर, संदर्भग्रंथ कोणी मागितला का? नाही ना? मग निरंक लिहा.” मी निरंक लिहिले.

महिलांसाठी घरपोच पुस्तक सेवा ही खरे म्हणजे मंडळाची कल्पना नाही. ताई संध्याकाळी घरी जाताना पिशवीत चार पुस्तके टाकून नेत असत आणि वाटेवरच्या घरांत देत असत; मंडळाने ठराव करून त्याला योजना म्हटले, एवढाच आमचा वाटा. या सेवेत नोंद एका नावावर होते आणि पुस्तक अख्खी गल्ली वाचते. मुदत उलटून पुष्कळ दिवस झालेल्या एका कादंबरीची चौकशी करायला मी स्वतः गेलो, तेव्हा दारातल्या मुलीने सांगितले, “सर, आई अजून वाचायलीय. तिच्यानंतर शेजारच्या काकूंचा नंबर हाय.” दंडाची पावती खिशात होती, पण आतून सुशीलाची बशी आली, आणि कढीपत्त्याची फोडणी बसलेले गरम चुरमुरे पुढ्यात असताना दंड मागणारा सचिव मराठवाड्यात अजून जन्माला यायचा आहे. ती कादंबरी यथावकाश आली. तिला मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेच्या पानाचे वेष्टन होते, सुटलेली पाने वाकळ शिवायच्या जाड दोऱ्याने आरपार टाके घालून घट्ट बसवली होती, आणि ज्या प्रकरणात नायिका घर सोडते तिथे हळदीच्या बोटांचे ठसे इतरत्र दिसतात त्यापेक्षा बरेच जास्त होते. अहवालात ‘ग्रंथबांधणीवरील खर्च’ या रकान्यातही मी निरंक लिहिले आहे.

वाळवी आणि कसर यांनी खाल्लेल्या पुस्तकांबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण २०१२ साली महसूल यंत्रणेने राज्यभरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांची पडताळणी केल्यापासून गावोगावच्या सचिवांचे मन पुस्तकांच्या संख्येबाबत हळवे झालेले आहे. ज्या पुस्तकाचे फक्त दोन पुठ्ठे उरले आहेत तेही आमच्याकडे एक पुस्तकच आहे.

साजरे करायचे दिवस नेमलेले असतात. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. आम्ही एकच फलक करून घेतला असून दिनाचे नाव तेवढे वरून चिकटवतो. छायाचित्रात वाचक भरगच्च दिसावेत म्हणून अभ्यासिकेतली मुले बोलावून त्यांच्या हाती हाताला लागेल ते पुस्तक दिले जाते. वाचन प्रेरणा दिनाला अशाच एका मुलाच्या हातात जाडशी कादंबरी आली, आणि छायाचित्र काढणाऱ्याचा मोबाइल गरम होऊन बंद पडल्याने त्याला ती बराच वेळ धरून बसावे लागले.

हाच तो आणेवारीवाला मुलगा. पुढे तो तलाठी भरतीत निवडला गेला. आम्ही नारळ, शाल देऊन सत्कार केला. व्हरांड्याने आणि प्लायवूडच्या आतल्या बाजूने सारख्याच जोरात टाळ्या वाजवल्या. सत्कारानंतर तो ताईंकडे येऊन हळूच म्हणाला, “ताई, त्या दिवशी फोटोपुरती जी कादंबरी दिली होती, ती द्या की. दोन पानं वाचली होती, पुढं काय झालं ते राहिलंय.” इतकी वर्षे आमच्या छताखाली बसून त्याने मागितलेले हे पहिले पुस्तक. अनामत भरून तो रीतसर सभासद झाला, कादंबरी घेऊन गेला आणि पुढच्याच आठवड्यात नेमणुकीच्या जागी, थेट कोकणात, रुजू झाला. कादंबरी त्याच्याबरोबर आहे. अहवालातल्या ‘मुदतीत परत न आलेले ग्रंथ’ या रकान्यात मात्र तिला ताबडतोब जागा मिळाली, कारण हा रकाना कधीच निरंक राहत नाही.

ताईंनी त्याला रीतीप्रमाणे स्मरणपत्र पाठवले. त्याचे उत्तर आले की इकडे पाऊस फार आहे, दिवसभर पंचनामे असतात, पण रात्री थोडे थोडे वाचून निम्मी झाली आहे. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत हा विषय आयत्या वेळी घेण्यात आला आणि त्याला मुदतवाढ एकमताने मंजूर झाली. शेवट काय होतो हे त्याने गावात कोणालाही कळवू नये, एवढी अट अध्यक्षांनी घातली आहे; त्याच्यानंतर त्यांचा नंबर आहे.