कोण बुडालं ओ?

माझा मावसभाऊ स्कॉटलंडात पर्थच्या जवळ राहतो आणि दोन-तीन वर्षांतनं एकदा गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, सोलापूरला येतो. परदेशातले नातेवाईक वापरलेल्या वस्तू असल्या काही थाटात देतात की घेणाऱ्याला वाटावं वडिलोपार्जित जमीन नावावर झाली. २०२४ च्या संक्रांतीला त्यानं मला एक लांबडी पिशवी दिली. आत मासे धरायचा चार तुकड्यांचा रॉड, रील, पिवळी जाड दोरी आणि छातीपर्यंत येणारी रबरी पँट, खाली बूट चिकटलेले, वर खांद्याला पट्टे. ‘याला वेडर्स म्हणतात दादा, थंड पाण्यात उभं राहायला.’ सोलापुरात थंड पाणी फक्त माठात असतं आणि माठात कुणी उभं राहत नाही, हे तो बारा वर्षांत विसरला असावा.

आता योगायोग बघा. त्या वर्षी संक्रांत १५ जानेवारीला होती, आणि त्यांच्याकडच्या टे नदीवर सॅल्मन मासा धरायचा सीझन सुद्धा १५ जानेवारीलाच उघडतो. केनमोर नावाच्या गावात त्या दिवशी बॅगपाईप वाजवत मिरवणूक निघते आणि पहिल्या होडीवर व्हिस्की ओततात. इकडं आमचे नंदीध्वज, म्हणजे जत्रेतल्या मानाच्या काठ्या, निघालेले, तिकडं त्यांची होडी. गड्ड्यात गरम भजी खाता खाता त्यानं हे सांगितलं आणि माझ्या अंगात आलं. मी टॉवेलच्या कारखान्यात अकाउंटला आहे, आयुष्यात माझ्या अंगात एवढ्या लवकर दुसरं काही आलं नाही. मी तिथंच जाहीर केलं की आपण पण सीझन करायचा, टे नदीच्या तारखांप्रमाणं, १५ जानेवारी ते १५ ऑक्टोबर.

‘पण तिकडं रविवारी सॅल्मन धरायला कायद्यानं बंदी आहे,’ तो म्हणाला. मला सुट्टी फक्त रविवारी. म्हणजे पहिल्या मिनिटापासून मी स्कॉटलंडचा गुन्हेगार.

‘आणि दादा, सॅल्मन नाही, सॅमन. एल सायलेंट आहे.’ पुढच्या नऊ महिन्यांत माझ्या बाबतीत फक्त एलच नाही, अख्खा मासाच सायलेंट राहिला. बायको म्हणाली, सॅल्मन म्हणजे रावसच की, मुंबईला हॉटेलात तसंच लिहितात. तसं लिहितात खरं, पण रावस वेगळा, त्याचं याचं काही नातं नाही. हे मी तिला समजावायला गेलो तर ती म्हणाली, ‘अहो, ते असू द्या, नळाला पाणी कधी येणार ते बघा.’

इथं बाहेरगावच्या लोकांसाठी थोडं सांगावं लागेल. आमच्याकडं तेव्हा नळाला चार-पाच दिवसाआड पाणी यायचं. ते पाणी येतं उजनीतनं, आणि उजनी धरण त्या जानेवारीतच मायनसमध्ये गेलेलं. मायनस म्हणजे काय, तर उजनीची क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं साधारण ५३ जिवंत आणि ६३ मृतसाठा, म्हणजे आधीच जिवंतापेक्षा मेलेलं जास्त. जिवंत संपलं की पेपरात ‘उणे’ असं छापायला लागतात आणि अख्खा जिल्हा सकाळी राशिभविष्याआधी ती टक्केवारी वाचतो. अशा साली मी नदीत मासे धरायला निघालेलो.

पहिल्या रविवारी वडकबाळच्या पुलाखाली सीनेवर गेलो. सीनेत पोरं क्रिकेट खेळत होती. नदीच्या काठावर नाही, नदीत. मी अर्धा तास पुलाखालच्या सावलीत रॉड जोडून बघितला, एका पोरानं ‘काका, स्टंप द्या की’ म्हणून विचारलं, मग परत आलो.

मग कुणीतरी सांगितलं, हत्तरसंग कुडलला जा, तिथं भीमा आणि सीनेचा संगम आहे, डोहात पाणी असतं. गेलो. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे, मराठीतला आद्य शिलालेख म्हणतात त्याला, ‘वाछि तो विजेया होईवा’, म्हणजे वाचेल तो विजयी होईल. मी उभा राहून नीट वाचला, दोनदा वाचला. माशांना कुणी वाचून दाखवलेला नसावा.

खरी गंमत वेडर्स घातल्यावर झाली. मार्च उजाडलेला, सकाळी नऊलाच ऊन चावायला लागलेलं, आणि मी काळ्या रबरात छातीपर्यंत पॅक होऊन घाट उतरतोय, डोक्यावर टोपी, हातात नऊ फुटी काठी. धुणं धुणाऱ्या दोन बायकांनी बघितलं आणि धुणं टाकून वर पळाल्या. मला वाटलं लाजल्या असतील. पाच मिनिटांत गाव गोळा झालं. पुढं एक म्हातारे, मागं पंधरा-वीस माणसं, सगळ्यांचे चेहरे पडलेले. म्हातारे जवळ आले, डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, ‘कोण बुडालं ओ?’

मी म्हटलं कुणी नाही. त्यांचा विश्वास बसेना. ‘सांगा की साहेब, कुणाच्या घरचं हाय? मगाधरनं आमचं एक पोरगं सापडंना झालंय.’ ते पोरगं देवळामागं मोबाईल बघत बसलेलं सापडलं, त्याला दोन फटके पडले, त्याची आई रडली, मग सगळे माझ्याकडं वळले. मासे धरायला आलोय असं सांगितल्यावर जी शांतता पसरली तिला मी अजून घाबरतो. शेवटी म्हाताऱ्यांनीच सांभाळून घेतलं, चहा मागवला. ते जातीचे भोई, सगळा जन्म त्या पाण्यात गेलेला. पुढं मी त्यांना तात्या म्हणायला लागलो आणि ते मला पावणं.

भावानं दिलेलं सामान फ्लाय फिशिंगचं. त्यात गळाला गांडूळ किंवा कणीक लावत नाहीत, पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात. ती इतकी हलकी असते की लांब जातच नाही, वजन असतं ते दोरीत, म्हणून दोरीच मागं-पुढं हवेत झुलवायची आणि मग सोडायची. रॉड घड्याळातल्या दहा ते दोन एवढाच फिरवायचा. भाऊ व्हिडिओ कॉलवर शिकवायचा, दहा, दोन, दहा, दोन. तो विसरला की टे नदीच्या काठाला हिरवळ असते आणि भीमेच्या काठाला वेडी बाभूळ. माझं दोन वाजायच्या आत बाभळीत अडकायचं. संपूर्ण सीझनमध्ये मी पकडलेली पहिली वस्तू म्हणजे मागं वाळत घातलेला तात्यांचा टॉवेल. सोडवताना कोपऱ्यावरचं लेबल बघितलं तर आमच्याच कारखान्याचा.

पिशवीतल्या खोट्या माशा संपल्या तेव्हा मी घरीच बांधायला लागलो. चिकनच्या दुकानातनं कोंबड्याची मानेची पिसं आणली (दुकानदारानं फुकट दिली पण कशाला पाहिजेत हे तीनदा विचारलं), आणि दोरा आमच्या गल्लीतल्या चादरवाल्याकडचा, लाल, पोपटी आणि तो आमचा खास राणी कलर. सोलापुरी चादर एवढी वर्षं टिकते तर माशी एक सीझन टिकायला काय हरकत आहे. टिकली. माशांनी हातच लावला नाही तर न टिकून काय करेल.

मेमध्ये पारा ४३-४४ ला गेला. भावाला म्हटलं सॅल्मन जाऊ दे, ट्राऊटचं बघू, तो मासा तर भारतात आहे. आहेच, इंग्रजांनी १९०० च्या सुमाराला काश्मीरमध्ये आणून सोडला, नंतर कुलूला, निलगिरीत. पण त्याला थंड पाणी लागतं, गार पाण्यात हवा जास्त विरघळते म्हणून. पाणी विसाच्या वर गेलं की त्याची भूक मंदावते, पंचविसाच्या आसपास जिवावर येतं. भीमेत मेमध्ये ट्राऊट सोडला तर तो शिजूनच हाताला लागेल, आपण फक्त शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन जायचं.

सॅल्मनची गोष्ट मात्र तात्यांना फार आवडली. नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो, मग वासावरनं आपलीच नदी ओळखून उलटा वर चढतो, वाटेत धबधबा आला तर उड्या मारतो, आणि नदीत शिरल्यापासून अंडी घालेपर्यंत काही खात नाही.

‘काय बी न्हाई?’

‘काही नाही.’

‘म्हंजे वारकरी हाय की ओ,’ तात्या म्हणाले. ‘एकादस धरून पंढरीला निघालाय.’ मग विडी पेटवून बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘पर खात न्हाई तर मग गळाला तोंड का लावतोय?’

आता याच्यावर तिकडचे लोक अजून भांडतात, कुणी म्हणतं राग येतो म्हणून चावतो, कुणी म्हणतं लहानपणची सवय. तात्या म्हणाले, सवयच असणार, एकादशीला गुपचूप भजी खाणारे आमच्यात बी हायत.

तात्यांनीच मला खरी गोष्ट सांगितली. म्हणाले, पावणं, तुमी तारीख बघून येताव, नदी तारखेवर चालत न्हाई, आवर्तनावर चालतीया. स्कॉटलंडात पाऊस पडून नदी जरा फुगली की सॅल्मन वर सरकतो, लोक पाण्याची पातळी बघून कामाला दांडी मारतात. इथं सोलापूरच्या पिण्यासाठी उजनीतनं भीमेत पाणी सोडतात, त्यालाच आवर्तन म्हणतात, ते खाली यायला आठ-दहा दिवस लागतात, आणि नवं पाणी आलं की मासा हालतो. मी लगेच पेपरातली कात्रणं काढली, आवर्तन कधी सुटलं, दिवस मोजले, अकाउंटवाला माणूस, एक्सेलमध्ये शीट केली. शीट एकदम बरोबर निघाली आणि तिथंच घोळ झाला. कारण जे पाणी बघून मासा हालतो तेच पाणी आमच्या नळाला येतं. नवं पाणी यायचं, मी कुडलला पोचायचो, रॉड जोडायचो आणि फोन.

‘अहो, पाणी आलंय.’

आमची मोटर जुनी आहे, ती चालू करताना एका हातानं बटण दाबून दुसऱ्या हातानं पंख्याला स्क्रू-ड्रायव्हरनं ढकलावं लागतं आणि ही कला घरात फक्त मला येते. चाळीस किलोमीटर उलटं. जूनपर्यंत तीनदा असं झालं. वासावरनं आपलं घर ओळखून उलटा पोहत जाणारा प्राणी मी सॅल्मनच्या आधीच पाहिला होता असं आता म्हणायला हरकत नाही.

ऑगस्टमध्ये सगळं पालटलं. पुण्याकडं धो धो पाऊस, उणे उजनी बघता बघता भरली, भीमेला पूर आला, दोन-तीन आठवडे नदीकडं फिरकायची सोय नव्हती. पाणी उतरल्यावर मला मासे मिळाले. खोटं नाही, चार. चारही चिलापी, म्हणजे तिलापिया, मिळून नऊशे ग्रॅम. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणली, आता उजनीत तिचंच राज्य आहे. सॅल्मनच्या उपासाचं एवढं कौतुक, पण चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते तेव्हा ती पण उपाशीच असते, तिला कुणी वारकरी म्हणत नाही बिचारीला.

पहिली चिलापी मी भावाच्या शिकवणीप्रमाणं हात ओला करून, फोटो काढून, परत पाण्यात सोडली. तात्या उभेच राहिले. ‘सोडली?’ ‘सोडली.’ ‘मग धरली कशाला?’ उरलेल्या तीन मी तात्यांना देऊन टाकल्या, त्यांच्या नजरेसमोर सोडायचं धाडस झालं नाही. हिशोब केला तर सव्वीस रविवारचं पेट्रोल ४,३६८ रुपये, म्हणजे किलोला ४,८५३. नुसतं पेट्रोल, माझी मजुरी धरलेली नाही. विमानातनं येणारा नॉर्वेचा सॅल्मन बर्फासकट स्वस्त पडला असता.

शेवटचा रविवार १३ ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस. संध्याकाळी चादरीच्या राणी कलरच्या माशीला कुणीतरी खेचलं. चिलापी नाही, काहीतरी वजनदार, रील कुरकुरत सुटलं, पिवळी दोरी संपून मागची पांढरी दिसायला लागली. तात्या ओरडले, ‘कटला हाय! ढील द्या, ढील द्या!’ १९२२ मध्ये जॉर्जिना बॅलंटाईन नावाच्या बाईनं टे नदीत ६४ पौंडांचा सॅल्मन धरला, तो विक्रम अजून मोडलेला नाही, तिला त्याच्याशी दोन तास झुंजावं लागलं. पण तिचे वडील होडी वल्हवत होते आणि तिच्या खिशात फोन नव्हता.

माझा वाजला. मी बघितलं नाही. परत वाजला. तात्या म्हणाले, उचला, कुणाचं काय असंल. मी एका हातानं रॉड धरून दुसऱ्यानं खिसा चाचपला आणि तेवढ्यात दोरी सैल झाली.

‘अहो,’ बायको म्हणाली, ‘काही नाही, मोटर शेजारच्या पोरानं चालू करून दिली. तुम्ही सावकाश या.’

दिवाळीच्या आधी तिनं हौद साफ करायला काढला. वापरायच्या पाण्याचा, अंगणातला. इथं भरलेलं पाणी कुणी ओतून देत नाही, पाणी असतानाच आत उतरून गाळ काढायचा, दरवर्षी कमरेएवढ्या पाण्यात मी गारठतो. या वर्षी तिनंच माळ्यावरनं वेडर्स काढले, डेटॉलनं धुतले, मला पट्टे लावून दिले. आत एकदम कोरडा, उबदार, मापाचा. त्या कपड्याचा जन्म कशासाठी झाला ते मला त्या दिवशी कळलं. वरनं ती बादली सोडायची, खालनं मी गाळ भरून द्यायचो, आणि तेवढ्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला, पोरानं मोबाईल हौदाच्या तोंडाशी धरला.

‘अरे वा दादा!’ तो खूश होऊन ओरडला. ‘अजून चालूच आहे का? कुठली नदी ही?’

‘भीमा,’ मी खालनं म्हटलं.