चांदरचं घर आणि आमची दीड एकर

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी बाबांना घेऊन मडगावला गेलो होतो. दुपार रिकामी होती, म्हणून त्यांना चांदरचं ब्रागांझांचं घर दाखवायला नेलं. गोव्यात आपली मंडळी समुद्र आणि मंगेशी सोडून फारशी कुठे वळत नाहीत, म्हणून सांगतो. सासष्टीतलं चांदर म्हणजे कदंब राजांचं जुनं चंद्रपूर. तिथलं हे घर म्हणजे जवळजवळ एक अख्खी आळी आहे, रस्त्याच्या अंगाला ओळीने २४ खिडक्या! आत दोन बिऱ्हाडं. पश्चिमेकडचं मिनेझिस ब्रागांझांचं, पूर्वेकडचं ब्रागांझा परेरांचं.

आडनाव पोर्तुगालच्या राजघराण्याचं असलं, तरी माणसं इथलीच. धर्म बदलला, नाव मिळालं, आणि भाटं (नारळाच्या बागा) आणि शेतं पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेली. परेरांच्या बाजूला नाचाचा दिवाणखाना आहे, खाली इटालियन संगमरवर, वर झुंबरं आणि भिंतीशी राजा दों लुईसने भेट दिलेल्या खुर्च्या. त्यांच्या खासगी प्रार्थनाघरात सेंट झेवियरचं नखसुद्धा आहे. लोक सगळ्यात जास्त तिथेच रेंगाळतात.

मी रेंगाळलो तो पलीकडे, पुस्तकांच्या कपाटांपाशी. सुमारे पाच हजार पुस्तकं आहेत. कारण या घरातला मला खरा वाटणारा माणूस त्या खोलीतला. लुईस द मिनेझिस ब्रागांझा, १८७८ ते १९३८. १९०० साली गोव्यातलं पहिलं दैनिक ‘ओ हेराल्दो’ सुरू झालं त्यात हा होता, पुढे १९२८ मध्ये ‘प्रकाश’ काढलं. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारच्या ‘वसाहत कायद्या’विरुद्ध ४ जुलै १९३० रोजी गोव्याच्या कौन्सिलात ठराव मांडून, आमचं आम्ही ठरवू हा गोवेकरांचा हक्क आहे, असं याने ठणकावलं. घरात राजाच्या खुर्च्या, आणि सरकारच्या तोंडावर ही भाषा! पणजीच्या ‘इन्स्टिट्यूट वास्को द गामा’ला पुढे याचंच नाव दिलं, तो न्यायच झाला.

पण एवढं वाचायला-लिहायला लागणारी सवड भाटांतल्या नारळांवर आणि शेतांतल्या भातावर उभी होती, हेही तिथेच डोक्यात येत राहिलं. म्हणून या घराबद्दल लिहिताना जो सूर लावला जातो, तो मला पटत नाही. ‘कायद्याने जमिनी गेल्या, बिचाऱ्यांना आता एवढं घर सांभाळणं जड जातं.’ जड जातं हे खरंच आहे. तिकीट नाही, आलेल्यांच्या देणगीवर बरंच चालतं, एका खुर्चीची वेताची वीण मधोमध खोल गेलेली मी पाहिली. पण गेल्या म्हणजे कुठे गेल्या? गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर, त्यांच्या काळात १९६४ चा कूळकायदा आला, त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेल्या त्यांच्या कन्या शशिकलाताईंच्या काळात १९७६ ची दुरुस्ती आली आणि कसणारा मालक झाला. मधे १९७५ चा मुंडकार कायदा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत झोपडं बांधून राहणारा तो मुंडकार; असे कायदे नव्हते तेव्हा मर्जी गेली की त्याला उठावं लागे. हे घर कायद्याने मोडलं, तर त्याच कायद्याने किती घरं उभी राहिली, ते कुणी मोजत नाही. त्यांना २४ खिडक्या नसतात, म्हणून फोटोही निघत नाहीत.

आमचं असंच एक घर आहे, कुडाळजवळ, महाराष्ट्राच्या कूळकायद्याने उभं राहिलेलं. आजोबा कूळ होते. दीड एकर नावावर झाली त्या दिवशी ते सातबारा उलटा धरून वाचत होते, हे घरात अजून हसत सांगतात. त्यांना वाचता येत नव्हतं.

तरीही घर पडू नये असं मला मनापासून वाटतं. सरकारने वाळवीसाठी, कौलांसाठी पैसा द्यावा, आणि पुस्तकांसाठी आधी. फक्त माहिती सांगताना झुंबराबरोबर मुंडकारही सांगावा.

बाबा बराच वेळ गप्प होते. माहिती सांगणाऱ्या बाईंनी झुंबरं कुठली, चिनी भांडी कुठली, सगळं नीट सांगितलं. शेवटी विचारलं, काही विचारायचंय का? बाबा म्हणाले, “कुळां किती होती ह्येंची?”

बाई थांबल्या. मग हसून म्हणाल्या, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

बाहेर पडताना बाबांनी पेटीत शंभराच्या दोन नोटा टाकल्या. एक पुरली असती, असं मी म्हटलं तर नुसते बघत राहिले.