नाणेघाट, खोडद आणि दाजींना आलेला मेसेज

भाचीला ओव्यांवरच्या पीएचडीसाठी जेआरएफ ही सरकारी फेलोशिप मिळाली तेव्हा दाजींनी गावभर पेढे वाटले होते. परवा रात्री साडेदहाला त्याच दाजींचा मला फोन. "ताई, हिला बी.एड.ला घालू का? त्या ओव्यांच्या अभ्यासात काही राम नाही म्हणतात." कोण म्हणतं? तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. भाची शेजारच्या खोलीत ऐकत होती.

मेसेज मग मलाही तीन ग्रुपवरून आला. त्याचा सारांश असा: प्रयोगशाळेत होतं तेच खरं संशोधन, भाषा, इतिहास, लोकगीतं हे नुसते छंद. ज्याचा पाच वर्षांत उपयोग दिसत नाही, ते बंद करा. पीएचडीवाले दहा-दहा वर्षं सरकारचा पैसा खातात. प्रबंध सगळे कॉपी-पेस्ट. शेवटी "करदात्यांनो, जागे व्हा".

मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. पहिला मुद्दा विज्ञानाची बाजू घेतल्यासारखा लिहिलाय, पण लिहिणाऱ्याला विज्ञानच कळलेलं नाही, आणि माझा संताप झाला तो त्यामुळेच.

आमच्या जुन्नर तालुक्यातलंच घ्या. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला मी वर्षानुवर्षं मुलांना तिथं नेलं. तिथले शास्त्रज्ञ कोणता प्रयोग करतात? ताऱ्याला कुणी तापवून बघत नाही, आकाशगंगा टेस्ट ट्यूबमध्ये मावत नाही. येतात त्या रेडिओलहरी टिपायच्या, त्यातला गोंगाट वेगळा काढायचा, आणि उरतं त्यावरून तिकडे काय घडलं असेल ते ठरवायचं. मेसेजवाल्याच्या व्याख्येने सगळं खगोलशास्त्रच छंदात जमा होतं.

तिथून जवळच बोरी. कुकडीच्या काठच्या थरांत तिथं ज्वालामुखीची राख सापडली, आणि तिच्याबरोबर आदिमानवाची दगडी हत्यारं. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी त्यावर काम केलं. राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची असल्याचं सांगितलं जातं. मात्र ती त्याच्या कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. आता हे भूशास्त्र म्हणायचं की पुरातत्त्व? राखेचं वय ठरवायला एक लागतो, हत्यार ओळखायला दुसरा. दोघे एकाच खड्ड्यात उतरतात.

आणि पश्चिमेला नाणेघाट. सातवाहनांच्या लेण्यात भिंतभर ब्राह्मी लेख कोरलाय. कोणत्या यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली, त्याचे आकडे त्यात आहेत. भारतीय अंकांचा इतिहास लिहिताना हा लेख टाळून पुढे जाता येत नाही. भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात तो वाचण्यासाठी मेहनत घेतली. गणिताच्या इतिहासाचं हे पान ज्याने उलगडलं, तो लिपी वाचणारा माणूस होता.

ते कार्षापण म्हणजे ठसे मारलेली चांदीची नाणी. इथं मला दामोदर धर्मानंद कोसंबींबद्दल सांगायलाच हवं, कारण मेसेजने विज्ञान आणि 'बाकीचं' यांच्यात जी भिंत घातली आहे ती या एका माणसाने आयुष्यभर मानली नाही. गोव्यात जन्मलेला हा गणिती फर्ग्युसनमध्ये शिकवायचा, पुढे मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत गेला. ठशांच्या या नाण्यांवर ना राजाचं नाव, ना साल. मग आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं, हे कसं कळणार? कोसंबींनी तराजू घेतला. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं वजन कमी. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतलं एकेक नाणं त्यांनी तोललं. झीज कशी होते ते कळावं म्हणून आपल्या काळातली चलनी नाणीही तोलली आणि हिशेब संख्याशास्त्राने बसवला. मागच्या बाजूला जितके बारीक ठसे जास्त, तितकं नाणं हलकं, असा मेळ त्यांना दिसला. म्हणजे ते ठसे नाणं चलनात असताना वेळोवेळी मारलेले असणार. जिथं सालाचा मागमूस नाही तिथं ग्रॅमच्या अपूर्णांकांतून त्यांनी कालक्रम लावला.

आता सांगा, हे काय आहे? इतिहास? भौतिकशास्त्र? संख्याशास्त्र? याच माणसाने भर्तृहरीच्या सुभाषितांची हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती काढली. आणि याच माणसाने १९४० च्या दशकात गुणसूत्रावरची जनुकांमधली अंतरं काढण्याचं एक सूत्र मांडलं. पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारे आजही ते 'कोसंबी फंक्शन' म्हणून वापरतात. शेतकी विद्यापीठातल्या कुणालाही विचारा.

आता ओव्या. मेसेजमध्ये त्यांना "बायकांची जात्यावरची गाणी" म्हटलंय, तेवढ्यावरच निकाल लावून टाकलाय, आणि सगळ्यात जास्त नुकसान या ओळीनेच होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या साथींबरोबर हजारांहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यांची विषयवार वर्गवारी झाली, संगणकावर कोश झाला, आज त्या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळावर गावानिशी, गाणारीच्या नावानिशी ऐकायला मिळतात. ज्या बायकांना सहीसुद्धा येत नव्हती त्यांनी सासर, पीक, पाऊस, बाळंतपण, नवऱ्याचा मार, बाबासाहेब यांच्याबद्दल स्वतःच्या तोंडाने काय म्हटलं, ते दुसऱ्या कोणत्या दप्तरात आहे? तलाठ्याकडे सातबारा असतो, त्यावर यातल्या किती बायकांची नावं होती? गावोगावी चक्की आली, जातं हळदीपुरतं उरलं. गाणाऱ्या आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. पाच वर्षांनी उपयोग बघू म्हणाल, तर तेव्हा विचारायला कुणी नसेल.

भाचीने पहिलं रेकॉर्डिंग दाजींच्या आईचंच केलं. म्हातारीला आधी गाता येईना. जातं नाही, तर ओवी सुचत नाही म्हणाली. मग माळ्यावरचं जातं खाली काढलं, खुंटा ठोकला, दाण्यांची वैरण घातली, आणि चौथ्या-पाचव्या फेऱ्याला आवाज लागला. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जाताना लेकराला बाभळीच्या सावलीत ठेवलं, अशी एक ओवी तिने म्हटली. ते लेकरू म्हणजे दाजी. आपल्या आईने खडी फोडली होती, हे दाजींना पंचावन्नाव्या वर्षी त्या रेकॉर्डिंगवरून कळलं.

पाच वर्षांत उपयोग, या मुद्द्याला मी फार वेळ देणार नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत राहणारा एक जिवाणू थॉमस ब्रॉक यांनी शोधला. तेव्हा त्याचा काडीचा उपयोग नव्हता. वीस वर्षांनी त्याच्याच एन्झाइममुळे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भराभर प्रती काढायचं तंत्र, सोपं झालं. कोविडमध्ये नाकात काडी घालून घेतलेली ती टेस्ट आठवत असेल.

पैशांचं म्हणाल तर जेआरएफ महिना ३७,००० रुपये आहे, ती परीक्षा देऊन मिळते आणि फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षं चालते. दहा वर्षं कुणी पोसत नाही. उलट ती महिनोन्महिने अडकते तेव्हा मुलं उसनवारीवर राहतात. आणि २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधनावरचा सगळा खर्च, त्यात अणुऊर्जा आणि अवकाशही आलं, जीडीपीच्या ०.६४ टक्के होता.

कॉपीचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो. "एक चिकित्सक अभ्यास" असं शेपूट लावलेले, चार पुस्तकांतून उतरवलेले प्रबंध मी स्वतः चाळले आहेत. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी जर्नल्सही आहेत. यूजीसीला, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाला, २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यावर नियम करावे लागले ते उगीच नाही. पण ही चोरी विज्ञानातही चालते, तिथं आकडे आणि फोटो चोरले जातात. चोर सापडला तर त्याची पदवी काढून घ्या. त्यासाठी माझ्या भाचीला बी.एड.ला कशाला पाठवायचं?

ज्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय, त्याच ग्रुपवर ३ ऑक्टोबर २०२४ ला, मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्या दिवशी, अभिनंदनाचा पाऊस पडला होता. त्या दर्जासाठी रंगनाथ पठारे समितीने जे पुरावे मांडले, त्यात गाथासप्तशती हा जुना प्राकृत काव्यसंग्रह होता आणि आमचा नाणेघाटचा लेखही होता.

दाजींना मी रविवारी नाणेघाटात घेऊन जाते आहे. भाचीही येतेय. ब्राह्मीतले अंक तिला वाचता येतात, ते ती त्यांना दाखवेल.