माशांच्या टँकच्या काचेच्या पट्टीबद्दलच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला, खरं सांगतो, घरी जाऊन जेवण गेलं नाही. आधी माफी मागतो. मंगळवारी येतो म्हणून बुधवारी आलो ही चूक आमचीच. आणि शनिवारी सकाळी पट्टी सुटून तुमच्या हॉलमध्ये पाणी झालं, वहिनींना पुसत बसावं लागलं, त्याचं पण फार वाईट वाटलं.

पण तुम्ही लिहिलंय "एका काचेच्या पट्टीला बाराशे घेतले आणि तीन दिवसात सुटली, बोगस काम". तीन दिवसात सुटली हे खरं आहे, पण त्या तीन दिवसात काय झालं तेपण लिहायला पाहिजे होतं की सर. बुधवारी संध्याकाळी पट्टी बसवली आणि निघताना तुम्हाला सांगितलं, दारात चप्पल घालताना वहिनींना पण सांगितलं, की पुढच्या बुधवारपर्यंत टँकमध्ये पाण्याचा थेंब नको. शुक्रवारी पहाटे नळ आला आणि तुम्ही टँक भरून टाकला. आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आलेलं पाणी सोडवत नाही हे मला कळतं, माझ्या घरी पण बॅरल भरायला आम्ही पहाटे उठतोच. पण भरायच्या आधी एक फोन केला असता तर मी नको म्हणालो असतो, एवढंच.

तुम्ही नंतर म्हणाला ४२ डिग्री ऊन आहे, एका दिवसात वाळलं असणार असं वाटलं. हे बरेच गिऱ्हाईक म्हणतात म्हणून इथं नीट सांगतो. टँकच्या काचा चिकटवायचं सिलिकॉन उन्हानं वाळत नाही, हवेतल्या ओलाव्यानं पक्कं होतं, आणि मे महिन्यात सोलापूरची हवा किती कोरडी असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. वरून हाताला चिकटत नाही म्हणजे झालं असं वाटतं, पण दोन काचांच्या मधे जे दबलेलं असतं त्याला हवा फक्त कडेनं लागते, ते आत कच्चंच राहतं. शनिवारी रात्री दुकान लवकर बंद करून मी आलो तेव्हा सुटलेली पट्टी तुमच्यासमोर नाकाला लावून दाखवली, व्हिनेगरचा वास येत होता, नख दाबलं तर नख रुतलं. तो वास आहे तोपर्यंत सिलिकॉन पक्कं झालेलं नसतं सर. आणि तुमचा टँक चार बाय दीड बाय दीड फुटाचा, त्यात अडीचशे लिटरच्या आसपास पाणी बसतं, पुढच्या काचेवरच शंभर किलोच्या वर जोर येतो. मधली पट्टी पुढची-मागची काच धरून ठेवते म्हणून काचेला पोट येत नाही. कच्च्या जोडावर एवढा जोर आल्यावर ती कशी टिकणार.

बाराशेचं पण सांगतो. जुनी पट्टी तडकल्यावर तुम्ही आधी पाच रुपयेवालं ग्लू लावलं होतं, ते आणि जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडून ॲसिटोननं पुसायला दीड तास गेला, कारण जुन्या सिलिकॉनवर नवीन धरत नाही. नवीन पट्टी १० एमएमची, कडा घासून आणलेली. सिलिकॉन टँकचंच, बाथरूमला लावतात ते बुरशीचं औषध घातलेलं स्वस्त मिळतं पण त्यानं मासे मरतात, ते मी सोळा वर्षात एकदाही वापरलं नाही. दुसऱ्यांदा पट्टी बसवली त्याचा एक रुपया घेतला नाही, मासे इतके दिवस आमच्याकडं ठेवले त्याचे पण नाही. तुमच्या मोठ्या ऑस्कर माशानं पहिले दोन दिवस काहीच खाल्लं नाही, माझा मुलगा रात्री उठून बघायचा, तिसऱ्या दिवशी त्यानं हातातनं दाणा घेतला तेव्हा आम्हाला बरं वाटलं. हे रिव्ह्यूमध्ये एका ओळीत आलं असतं तरी चाललं असतं.

छोटं दुकान आहे सर, हा रिव्ह्यू वाचून आज सकाळीच दोघांनी फोन करून विचारलं तुमच्या पट्ट्या सुटतात का म्हणून. त्यांना काय सांगू. तोंडी सांगून भागत नाही हे मात्र कळलं, यापुढं टँक कधी भरायचा ती तारीख कागदावर लिहून काचेला चिकटवून येणार, वेळेचं पण बघतो.

आता टँक भरून सहा दिवस झाले, काच सरळ आहे असं तुम्हीच परवा म्हणाला. रिव्ह्यू बदला म्हणून म्हणत नाही, तुमची मर्जी. आणि तुमचा सकर मासा अजून आमच्याकडंच आहे, ऑस्कर न्यायला आलात तेव्हा लाकडाच्या मागं लपून बसला होता. बरा आहे, काकडी खातो. रात्री नऊपर्यंत दुकान उघडं असतं, कधीपण येऊन घेऊन जा.