‘तक्रार केलीत तर वसुली येईल’ म्हणे!

गेल्या महिन्यात आत्तीकडं गेलो होतो. कोल्हापुरातल्या रंकाळा स्टँडवरनं गगनबावड्याच्या बाजूची गाडी धरली की पाऊण तासात तिचं गाव. आत्ती ७१ वर्षांची, मूलबाळ नाही, श्रावणबाळ योजनेचे दीड हजार हाच महिन्याचा आधार. चहा पिता पिता सहज विचारलं, "पेन्शन येतीया न्हवं?" तर म्हणते, "पाच म्हैनं झालं, न्हाई." पाच महिने! आणि मला आज कळतंय. तहसीलला का गेली नाहीस म्हटल्यावर तिनं शेजारच्या सुनेला हाक मारली आणि तिचा मोबाइल माझ्यापुढं धरायला लावला.

बचत गटाच्या ग्रुपवर आलेला मेसेज. नंतर तोच मला आमच्या पेठेतल्या ग्रुपवर दिसला, कागलच्या मित्रालाही आलेला. मजकूर थोडक्यात असा: ज्यांची पेन्शन तीन महिने आली नाही त्यांचं नाव कायमचं कमी झालं आहे. थांबलेले पैसे सरकारजमा होतात, परत मिळत नाहीत. बँकेला आधार लिंक असेल तर बँकेत जाऊन उपयोग नाही. लाडक्या बहिणीमुळं निराधारांचा निधी संपला आहे. तहसीलमध्ये तक्रार करू नये, केल्यास फाईल उघडून आजवरची सगळी रक्कम व्याजासह वसूल होते. नव्या फॉर्मसाठी ७०० रुपये व कागदपत्रं घेऊन खालील नंबरवर संपर्क साधावा. शेवटी ‘जनहितार्थ’.

सातशे रुपयांचं जनहित.

आत्तीला घरात बसवलं ते तक्रारीच्या मुद्द्यानं, म्हणून आधी तोच घेतो. "नगं रं बाबा, हाय ते बी जाईल. मागलं सगळं भरा म्हटलं तर कुठनं भरू?" असं ती मला म्हणाली. तिनं हिशेबही घातला होता. किती वर्षं पेन्शन घेतली, किती होतील, म्हैस विकली तर किती येतील.

माझे पैसे का आले नाहीत, एवढं विचारणारा अर्ज केला म्हणून वसुली लावा असा नियम कुठल्याही शासन निर्णयात नाही. वसुली होऊ शकते ती खोटी कागदपत्रं देऊन लाभ घेतल्याचं सिद्ध झालं तर. ती तपासणी तुम्ही तक्रार करा नाहीतर तोंडाला कुलूप घाला, होतच असते. वर्षातनं एकदा हयातीचा दाखला मागतात, अधनंमधनं उत्पन्नाचा मागतात, तलाठी पाहणीला येतो. तक्रार न करणाऱ्याची फाईल काय देवघरात ठेवलेली असते?

पण मग गावंच्या गावं या वाक्याला का भितात? मला वाटतं, मेसेज लिहिणाऱ्यानं एक दुखरी जागा बरोबर हेरली आहे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ, दोन्ही योजनांना उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला २१,००० रुपये. दिव्यांगांना ५०,०००, बाकीच्यांना एकवीस. भागाकार करून बघा, दिवसाला ५७ रुपये आणि वर काही पैसे. पेन्शनची रक्कम ६०० वरून हजार झाली, जुलै २०२३ पासून दीड हजार झाली, मर्यादा मात्र २१,००० वरच. पेन्शनच वर्षाची अठरा हजार होते! भांगलायला गेलेल्या बाईनं वर्षातले चारपाच महिने काम केलं तरी कागदावर ती ‘निराधार’ उरत नाही. म्हणून जिल्ह्यात जाईल तिथं दाखले वीस हजाराचे, साडेवीस हजाराचे. आत्तीच्या दाखल्यावर किती आहे ते मला ठाऊक आहे, आणि खरं किती ते मला विचारू नका. हा आकडा लिहिणाऱ्याला माहीत, सही करणाऱ्याला माहीत, गावाला माहीत. अशा माणसाला ‘फाईल उघडतील’ म्हटलं की त्याचा हात आपोआप मागं येतो. मर्यादा एवढी खाली ठेवायची की प्रत्येकाला थोडं अपराधी वाटावं, आणि मग कुणी हक्कानं विचारायला येत नाही म्हणून आनंद मानायचा. हे ठरवून केलंय असं मी म्हणत नाही. होतं मात्र तसंच.

पुढं, ‘नाव कायमचं कमी झालं’. नाव असं परस्पर, मोबाइलवरच्या मेसेजनं कमी होत नाही. ते तहसीलच्या यादीत असतं किंवा नसतं, आणि नसलं तर का, हे विचारता येतं. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि आत्तीला घेऊन निघालो.

आधी बँक. खिडकीतल्या पोरानं पासबुक छापून दिलं आणि "आधार लिंक आहे, आमच्याकडनं काही प्रॉब्लेम नाही" म्हणून पुढच्याला हाक मारली. म्हणजे मेसेजवाला आणि बँकवाला एकाच शाळेतले. मग तहसील. तिथला क्लार्क, खरं सांगायचं तर, भला निघाला. आधार क्रमांक टाकून त्यानं स्क्रीन आमच्याकडं फिरवली. पाचही महिन्यांपुढं रक्कम जमा झाल्याची नोंद.

"मावशी, पैसे गेलेत. दुसऱ्या बँकेत गेलेत."

हा सगळा घोटाळा ‘लिंक’ या शब्दाचा आहे. पूर्वी तहसीलमधनं यादी आणि रक्कम बँकेकडं जायची, यादीत खातं नंबर असायचा, पैसे त्याच खात्यात पडायचे. डिसेंबर २०२४ पासून या पेन्शनी डीबीटीनं, म्हणजे आधार क्रमांकावर पाठवायला लागले. आता आधार चार बँकांत दिलेलं असू शकतं, प्रत्येक बँक ‘लिंक आहे’ असंच सांगेल आणि कुणीच खोटं बोलत नसेल. पण नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या नोंदवहीत एका आधारापुढं एकच बँक असते, शेवटी जोडलेली. त्याला सीडिंग म्हणतात. पैसा तिथंच जातो, तुमचं पासबुक कुठलंही असो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की त्या बँकेचं नाव दिसतं. मोबाइल आधारला जोडलेला हवा एवढंच. बँकेत गेलात तर ‘लिंक आहे का’ विचारू नका, ‘सीडिंग कुठल्या बँकेला आहे’ विचारा.

हा प्रकार नवा नाही. २०१७ साली एका मोबाइल कंपनीनं सिमकार्डाची आधार पडताळणी करता करता लोकांची आपल्याच पेमेंट बँकेत खाती उघडली, आणि लाखो लोकांचं गॅसचं अनुदान त्यांच्या नकळत तिकडं वळलं. आधार प्राधिकरणाला मधे पडावं लागलं होतं.

घरी येऊन आत्तीनं बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. रेशनकार्ड, मामांचा मृत्यूचा दाखला, जोतिबाच्या अंगाऱ्याची पुडी, आणि तळाला एक लिफाफा, न फोडलेला. आत एटीएम कार्ड. तीन वर्षांपूर्वी मारुतीच्या देवळात कुठल्याशा बँकेचा कॅम्प लागला होता. "अंगठा दिल्ता की. तवा छत्री दिलीती त्यांनी." छत्री मोडून दोन पावसाळे झाले, खातं जागेवर होतं. साडेसात हजार त्यात पडून. काढले, आणि जुन्या बँकेत सीडिंग बदलायचा फॉर्म भरून दिला. सातशे सोडा, सात रुपये लागले नाहीत. झेरॉक्सचे तेवढे लागले.

आता ‘थांबलेले पैसे परत मिळत नाहीत’. यात अर्धं खरं आहे हे कबूल करायला जिवावर येतं, पण आहे. ते आपोआप परत येत नाहीत. आत्तीचे थांबलेलेच नव्हते, वाट चुकले होते. खरे थांबलेले आत्तीच्या दोन घरं पलीकडच्या तात्यांचे. वय ७६, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेचे लाभार्थी. म्हणजे दीड हजारातले २०० केंद्राचे, बाकीचे राज्याचे. तात्यांच्याच नावाचे, त्यांच्याच भावकीतले एक गृहस्थ वारले आणि यादीत ‘मयत’ झाले ते तात्या. आठ महिने पेन्शन बंद. तात्या स्वतः कार्यालयात जाऊन उभे राहिले, "मी मेलो असंन तर बाराव्याचं जेवान कुणी खाल्लं ते तरी सांगा" म्हणाले. हयातीचा दाखला, तलाठ्याचा अहवाल, अमकं तमकं होऊन नाव पुन्हा आलं, चालू महिन्याचे पैसेही सुरू झाले. मधल्या आठ महिन्यांचे बारा हजार मात्र कुणी दिले नाहीत, आणि तात्यांनीही मागितले नाहीत. कारण तोच मेसेज.

सर्वोच्च न्यायालयाचा एक आदेश मी छापून घेऊनच गेलो होतो. अन्न हक्काच्या खटल्यात, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध भारत सरकार, २८ नोव्हेंबर २००१. त्यात आठ योजनांबद्दल राज्यांना निर्देश आहेत, आणि त्यातली एक आहे राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन, म्हणजे तात्या जिच्यात आहेत तिचंच जुनं नाव. आदेश असा की पेन्शन दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत दिली गेली पाहिजे. सरकारला जमेल तेव्हा नव्हे, निधी आला तर नव्हे, सात तारखेला. म्हणजे पात्र माणसाचा प्रत्येक महिना हे देणं झालं, आणि देणं थकलं म्हणून फिटत नाही. आम्हा कोल्हापूरकरांना हे कुणी शिकवायला नको. उसाचं बिल १४ दिवसांत आलं नाही तर थकलेल्या रकमेवर १५ टक्के व्याज द्या, असं ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय, आणि त्यासाठी आम्ही रस्त्यावर उतरतो. आमच्यापैकी कुणी कारखान्याला म्हणेल का, की राहू दे, उशीर झाला ना, आता ते तुमचंच? पेन्शनला व्याज नाही, हे खरं. पण मुद्दलही सोडून द्यायचं?

मागायचं कसं, तर लेखी. ‘अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचं अनुदान चुकीनं मयत नोंद झाल्यामुळं मिळालेलं नाही, मी पात्र व हयात आहे, थकीत रक्कम मिळावी.’ एवढंच. सोबत पासबुकाची झेरॉक्स. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय तिथनं हलायचं नाही. तोंडी सांगितलेलं कार्यालयाच्या दृष्टीनं घडलेलंच नसतं. राज्यात २००५ चा एक कायदा आहे, लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. एका टेबलावर फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये असं त्यात आहे. तो किती पाळला जातो यावर कट्ट्यावर बसून हसता येईल, पण अर्जात त्याचा उल्लेख केला की अर्ज घेणारा एकदा मान वर करून बघतो, हे मी पाहिलंय. उत्तर नाही आलं तर अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून माहिती अधिकारात विचारायचं, की माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही दहा रुपये लागत नाहीत. त्यावरही नाही भागलं तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन असतो, नागाळा पार्कात.

लाडक्या बहिणीचा मुद्दा. निधी कुठनं कुठं वळतो यावर चर्चा जरूर करा, मला त्यात रस आहे. पण आत्तीचे पैसे त्यामुळं थांबले नव्हते. दुसऱ्या सरकारी योजनेतनं दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही, असा तो नियम, आणि ती योजना ६५ वर्षांवर नाहीच. ‘पेन्शन असेल तर लाडकी बहीण नाही’ हा नियम उलटा करून ‘लाडक्या बहिणीमुळं पेन्शन नाही’ असं पसरवायचं.

सातशे रुपयांवर काय बोलायचं? या योजनांचा अर्ज करायला सरकारी फी नाही. दाखल्यांना सेतूत जी फी लागते तिची पावती मिळते. ज्याची पावती मिळत नाही ते काय असतं, तुम्हाला माहीत आहे. मी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडनं एक गोड आवाज आधी आधार क्रमांक आणि मग मोबाइलवर येणारा ओटीपी मागायला लागला. मी ठेवला. आत्तीच्या ग्रुपवर हे सांगितल्यावर ॲडमिनबाई म्हणाल्या, "दादा, आमी आपलं सगळ्यास्नी कळावं म्हणून टाकला वो." त्यांच्यावर कसं चिडणार. मेसेज काढून टाकला त्यांनी, पण चाळीस जणींच्या मोबाइलमधनं पुढं गेलेला कोण काढणार?

तात्यांचा अर्ज गेल्या आठवड्यात दिला. आधी नकोच म्हणत होते. "नाव आलंय ते बास की." शेवटी सही केली ती आत्तीनं पैसे मोजून दाखवल्यावर. शिक्क्याची प्रत त्यांनी आत्तीच्या त्याच बिस्किटाच्या डब्यात ठेवायला दिलीय, त्यांच्या घरात उंदीर आहेत म्हणून. सात कामकाजाचे दिवस परवा भरतात. सकाळच्या गाडीनं मी निघतोय, दहा रुपयांचं तिकीट घेऊन ठेवलंय, तात्यांना ते लागत नसलं तरी.