लॉरी बेकरच्या नावावर बिनलोखंडी स्लॅब खपवू नका

‘गांधीजींनी मुंबईत लॉरी बेकरला पाच मैलांचा मंत्र दिला, मग त्याने सिमेंट, लोखंड, इंजिनिअर काहीही न घेता दहापट स्वस्त मातीची घरं बांधली, पण सरकारने दखलही घेतली नाही!’ केरळात स्वस्त घरं बांधणारे मूळचे ब्रिटिश वास्तुकार बेकर यांच्याबद्दलचं हे फिरत फिरत आमच्या काकांच्या मोबाईलवर आलं. सावंतवाडीकडे त्यांचं घर चाललंय. त्यांनी लगेच गवंड्याला कळवलं, स्लॅबला सळया नकोत, कौलांवर भागवू.

तेव्हा आधी स्लॅबच. बाकीच्या थापांनी कुणाच्या डोक्यावर छप्पर कोसळत नाही. बेकर यांच्या फिलर स्लॅबमध्ये कौलं असतात, पण सळयांच्या बदल्यात नव्हे! स्लॅबवर भार आला की खालची बाजू ताणली जाते. तिथलं काँक्रीट त्या ताणाला काही कामाचं नाही, तो सळयाच पेलतात. म्हणून सेंट्रिंगवर सळयांची जाळी बांधायची, तिच्या चौकटींत मंगळुरी कौलं एकावर एक अशी जोडीने मांडायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. वाचतं ते खालचं बिनकामाचं काँक्रीट. वजन घटल्यामुळे लोखंडही थोडं कमी लागतं, पण किती कमी ते इंजिनिअरने हिशेब करून सांगायचं. काका, सळया येऊ द्या.

पाच मैलांची गोष्ट तर गांधीजींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकाच्या ९ जानेवारी १९३७च्या अंकात छापलेली आहे: आदर्श खेड्यातली घरं पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानाची असावीत. बेकर तेव्हा बर्मिंगहॅमला वास्तुकला शिकत होते. पुढे महायुद्धाच्या काळात चीनहून परतताना मुंबईत बोटीसाठी थांबले, तेव्हा गांधीजींशी भेट झाली. भेट खरी, प्रभावही खरा. पण ती ओळ त्याआधीच जगजाहीर होती. आणि ती पाळायचीच असेल तर सावंतवाडीत जांभा चिरा आहे की!

मातीची घरं म्हणाल, तर बेकर यांनीच बांधलेलं तिरुवनंतपुरमचं गोल गोल चढत जाणारं इंडियन कॉफी हाऊस विटांचं आहे. मातीचा पुरस्कार ते करत, नाही असं नाही.

स्वस्ताईचं मात्र कबूल करावं लागतं. विटा कडेवर उभ्या करून मध्ये पोकळी सोडायची, या रॅट-ट्रॅप बाँडमध्ये सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. गिलावा टाळला तर तोही खर्च गेला. पण पाव हिस्सा वाचला म्हणजे घर दहापट स्वस्त झालं, हे गणित कुठल्या शाळेतलं?

राहिली सरकारची दखल. १९९० साली पद्मश्री दिली होती.